रविवारचा फोन

लातूर, ८ सप्टेंबर २०२५

निजामभाई,

सलाम. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितोय. अजहरला दोनदा लावून बघितला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "अब्बा दुकानातच हायेत, सांगतो." मागं कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज येत होता. तुम्ही तिथंच बसलेले असणार.

मला लातूरला येऊन चार महिने झाले. पाठीचं दुखणं आहे तसंच आहे. शिल्पा बरी आहे. पोरीला, ऋतुजाला, पुण्यात नोकरी लागली. जानेवारीअखेर मी निवृत्त होईन. तुमची विभागीय चौकशी अजून चालूच आहे, असं इथं कळलं. सव्वा वर्ष झालं निलंबनाला. तब्येत सांभाळून असाल.

लिहायला कारण असं की, नवीन एसपी मॅडमनी जिल्ह्यातलं नशाविरोधी काम माझ्याकडं दिलंय. वयानं लहान आहेत, पण कामाला पक्क्या आहेत. मागच्या सोमवारी बैठक घेतली. उदगीर आणि देवणीकडं सीमेपलीकडून पावडरीची शिंदी येऊन राहिली, त्याचं काय करायचं असा विषय होता. एक तरुण अधिकारी उभा राहून म्हणाला, "मॅडम, एका दिवसात सगळी दुकानं बंद करून दाखवतो." सगळ्यांना बरं वाटलं. मलाच बोलावं लागलं. मी म्हणालो, तसं करू नका. त्या शिंदीत झोपेच्या औषधाची पावडर घालतात. दहा-दहा वर्षं रोज पिणाऱ्याची ती एका दिवसात तोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरायला लागतात, भ्रम होतो, झटके येतात. माणूस दगावतो. आधी डॉक्टर, खाटा आणि औषधं तयार ठेवा, मग दुकानाला कुलूप लावा.

मॅडमनी विचारलं, "हे कुठं शिकलात तुम्ही?"

मी म्हणालो, "नांदेडकडं असताना अनुभव आला."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, असा विचार करणारे अधिकारी आपल्या खात्यात कमी आहेत. याचा लेखी आदेश काढू, मसुदा तुम्हीच करा.

त्या दिवसापासून मला जेवण नीट जात नाही.

चौकशी करणारे अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत. काही शब्द टाकायचा असेल तर जरूर कळवा.

आपला,
दयानंद


लातूर, २९ सप्टेंबर २०२५

निजामभाई,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मला खरंतर वाटलंही नव्हतं. शब्द टाकायचं मी लिहायला नको होतं.

परवा मसुद्याच्या कामासाठी उदगीरला आलो होतो. तुमच्या दुकानाच्या रस्त्यावरून जीप गेली. ड्रायव्हरला थांब म्हणालो नाही. सरकारी दवाखान्यात गेलो, तर समोर डॉक्टर कहकशां. मला माहीत नव्हतं त्यांची बदली तिथं झालीय. कारलेपेठला ग्रामीण रुग्णालयात असताना जशा होत्या तशाच आहेत. फक्त आता चष्मा लागलाय.

मी मसुदा पुढं केला. त्यांनी सगळा वाचला. "बरोबर लिहिलंय," म्हणाल्या. मग कागद खाली ठेवून म्हणाल्या, "साहेब, हेच सांगायला मी तेव्हा तुमच्या ऑफिसात दोनदा आले होते."

"आठवतंय," मी म्हणालो.

"एकदा तुम्ही मला बाहेर बाकावर दीड तास बसवलं होतं."

ते मात्र मला आठवत नव्हतं. पण त्या खोटं बोलायच्या नाहीत.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, तरी मांडून बघतोय. कारलेपेठला शिंदीची अकरा दुकानं होती. गेल्या वर्षी जूनमध्ये, चौदा तारखेला, शुक्रवारी सकाळी मी ती सगळी एकाच वेळी बंद केली. सोळा जणांना अटक केली. मालक आधीच पळालेले, हातात आली ती दुकानावरची माणसं. बजरंग त्यातलाच. मडकी धुणारा, शिंदी ओतून देणारा, आणि सकाळपासून स्वतः पिणारा. शनिवारी कोर्टानं कोठडी दिली. रविवारी दुपारपर्यंत ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती, असं डॉक्टर सांगत होत्या. बायका नवऱ्यांना धरून बसलेल्या, कुणी भिंतीशी बोलतंय, कुणी अंगावरचे नसलेले किडे झटकतंय. आणि बजरंग आपल्या कोठडीत होता.

मी नांदेडला होतो. नशामुक्तीचा मोठा कार्यक्रम होता, आणि कारलेपेठच्या कारवाईबद्दल मला प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलेलं होतं. तुमचा फोन आला तेव्हा मी व्यासपीठाच्या मागं उभा होतो. फोन आलाच नाही असं मी कधी म्हणालो नाही. माझ्या जबाबात तसं स्पष्ट लिहिलंय. आरोपी नीट जेवत नाही एवढंच हवालदारांनी कळवलं, असं मी लिहिलं. लाउडस्पीकर चालू होता. ऐकण्यात काही चूक झाली असेल.

डॉक्टर निघताना म्हणाल्या, "निजामभाई दर महिन्याला येतात बीपीच्या गोळ्यांना." मग म्हणाल्या, "तुमचं नाव काढत नाहीत. वाईटही बोलत नाहीत."

आपला,
दयानंद


लातूर, १९ ऑक्टोबर २०२५

निजामभाई,

मागच्या पत्रात ऐकण्यात चूक झाली असेल असं लिहिलं. ते खोटं होतं. मला सगळं ऐकू आलं होतं.

तुम्ही म्हणालात, "साहेब, बजरंगला झटका आला. तोंडातून फेस आलाय. गाडी दारात हाय, दवाखान्यात नेऊ का?" मी म्हणालो, "ढोंग असतंय. मागच्या वर्षी एकानं असंच केलं आणि दवाखान्याच्या संडासातून पळून गेला. बाहेर काढू नका. मी संध्याकाळी आल्यावर बघू." तुम्ही म्हणालात, "साहेब, हे वेगळं दिसतंय." मी म्हणालो, "निजामभाई, माझं नाव पुकारून राहिले." आणि फोन ठेवला. तीन चाळीसची वेळ होती. मोबाइल कंपनीच्या नोंदीत तो फोन एक मिनिट पन्नास सेकंदांचा आहे. त्यात कोण काय बोललं ते काही येत नाही, हे मला पोलीस म्हणून चांगलं ठाऊक होतं.

पाच वाजून पाच मिनिटांनी तुम्ही मला न विचारता त्याला गाडीत घातलं. तो रस्त्यात गेला. मी प्रशस्तिपत्र घेऊन परत येत होतो, नायगावच्या पुढं मला कळलं. गाडीतच माझा जबाब तयार झाला होता. कुणी सांगितलं नाही, कुणाचा दबाव नव्हता. आपोआप तयार झाला.

आता हे लिहितोय, कारण शुक्रवारी मी कारलेपेठला जाऊन आलो. रजा टाकली, जीप घेतली नाही, एसटीनं गेलो. बजरंगची बायको रत्नम्मा कुठं राहते ते विचारत विचारत गेलो. मिरचीच्या गोदामाच्या अंगणात बसून ती मिरच्यांचे देठ खुडत होती. आणखी पाच-सहा बायका होत्या. मी नाव सांगितलं तशी तिनं पोतं सरकवलं आणि म्हणाली, "कूर्चोंडी, सार. बसा." बाकीच्या बायका उठून पलीकडं गेल्या.

"तुमचा फोटो पाहिला होता पेपरात," ती म्हणाली. "हार घातलेला."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं दोन्ही केलं नाही. देठ खुडत राहिली. मिरचीनं माझ्याच डोळ्यांना पाणी आलं, आणि ते तिला वेगळंच वाटू नये म्हणून मी रुमाल काढला नाही.

मग तीच म्हणाली, "हवालदार येतात. ईद झाल्यावर आले, पोळ्याला आले. बसतात, चहा पितात, जातात. एकदा म्हणले, 'बहन, माझ्याकडून उशीर झाला.'"

निजामभाई, तुम्ही तिच्याकडं जाता हे मला माहीत नव्हतं.

मी सांगितलं तिला. म्हणालो, उशीर त्यांच्याकडून झाला नाही. त्यांनी मला फोन केला होता. दवाखान्यात नेतो म्हणाले. मीच नको म्हणालो. ढोंग असतंय म्हणालो.

तिचे हात थांबले. "ढोंग म्हणजे नाटकच ना, सार?"

"हो."

"तो करायचा नाटक. लई करायचा. शिंदी पाहिजे असली की पोटात दुखतंय म्हणून जमिनीवर लोळायचा. मला बी वाटलं असतं नाटक." तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "पन मी दार उघडून बघितलं असतं."

तिनं पुन्हा मिरची हातात घेतली. म्हणाली, "दुकानं बंद केली ते वाईट न्हाई केलं. माझा भाऊ बी तेच पिऊन राहिला होता, तो आता सुटला. दवाखान्यात सोळा दिवस होता. बजरंगला बी तिथंच टाकलं असतं तर..."

निघताना मी विचारलं, काही मदत करू का. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून बोलली. "हे मला सांगून मी काय करू, सार? मला लिहायला येत न्हाई. तुम्हाला येतं. गावात म्हणतात, तुम्ही तिकडं लिहून दिलं ना एकदा, हवालदारानं सांगितलंच न्हाई म्हणून? आता हे लिहून द्या."

एसटी दोन तास उशिरा आली. स्टँडवर बसून विचार करत होतो. चौकशीत माझा जबाब तुम्हाला वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही भांडू शकला असता. तुम्ही म्हणालात, "साहेब म्हणतात तसंच असंल." ते ऐकून त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. किनवटला मी नवा फौजदार होतो, पंचनामा कसा लिहायचा ते तुम्ही शिकवलं. म्हणायचात, जे डोळ्यानं बघितलं तेच लिहा साहेब, बाकीचं वकील लिहितील. असं शिकवणारा माणूस चौकशीत तसं का म्हणाला, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतोय. म्हणजे, शोधत नव्हतो. टाळत होतो.

दयानंद


लातूर, ३ डिसेंबर २०२५

निजामभाई,

लिहून दिलं. सोबत प्रत जोडली आहे.

तीनदा लिहिलं आणि फाडलं. पहिल्या तीन कागदांत कुठं ना कुठं लाउडस्पीकर येत होता, पळालेला आरोपी येत होता, कामाचा ताण येत होता. चौथ्या वेळी फक्त फोनवर झालेलं बोलणं लिहिलं, आणि शेवटी तुमच्याबद्दल दोन ओळी. पान भरलं नाही.

मॅडमच्या हातात दिलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्यांनी दोनदा वाचलं. मग दार लावायला सांगितलं.

"तुमच्या निवृत्तीला अडीच महिने आहेत," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"हा कागद मी घेतला की परत देता येणार नाही. गुन्हा दाखल होऊ शकतो. पेन्शन अडकेल."

"घ्या मॅडम."

"तुम्ही सप्टेंबरात म्हणालात अनुभव आला. तो हा अनुभव?"

"हाच."

त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला. मला वाटलं माझ्यावर चिडतील. त्या फक्त दमल्यासारख्या दिसल्या, माझ्यासारख्याच. म्हणाल्या, "मी तुमचं नाव राज्याच्या परिषदेला पाठवलं होतं. या विषयावर बोलायला." मग म्हणाल्या, "आदेश निघेल. त्यात एक कलम मी वाढवणार आहे. कोठडीतला माणूस आजारी दिसला, तर ड्यूटीवरच्या शिपायानं कुणालाही न विचारता दवाखान्यात न्यायचं. मला पण विचारायचं नाही. तुमचं नाव मात्र कुठं राहणार नाही."

"नसू दे," मी म्हणालो.

सतरा नोव्हेंबरला माझ्या निलंबनाचा आदेश आला. शिल्पानं तो वाचला, घडी घातली आणि फ्रिजवर ठेवला. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "तेव्हाच का नाही सांगितलं? मला तरी." मी म्हणालो, तुला सांगितलं असतं तर तू लिहून द्यायला लावलं असतंस. ती म्हणाली, "मग?" ऋतुजानं पाच दिवस फोन केला नाही. सहाव्या दिवशी केला, तेव्हा माझ्या पाठीचं विचारलं, बाकी काही नाही.

जुने सहकारी येऊन गेले. एक म्हणाला, कशाला उकरून काढलंस, हवालदार तर कबूल झाला होता. दुसरा म्हणाला, आता प्रत्येक शिपाई साहेबाकडं बोट दाखवील. मी त्यांना चहा दिला. पूर्वी मीही असंच बोललो असतो.

डॉक्टर कहकशांनी काल फोन केला. उदगीरकडं आदेशाप्रमाणं काम झालं. आदेश निघायच्या आधीच तीन आठवडे वस्त्यांमध्ये जाऊन पिणाऱ्यांची नावं घेतली. लोक पोलिसांना नावं देत नव्हते, म्हणून शेवटी आशाताईंना पुढं केलं आणि वर्दीवाल्यांना मागं ठेवलं. चौऱ्याहत्तर जण तपासले, औषध हळूहळू कमी करत आणलं, मग दुकानांना कुलपं लावली. चौघांना झटके आले. चौघेही खाटेवर होते, तिथंच सावरले. कुणी दगावलं नाही. दोन दुकानं मागच्या दारानं पुन्हा सुरू झालीत म्हणे, त्यांच्या मागं पुन्हा लागावं लागेल. डॉक्टर म्हणाल्या, "साहेब, काम झालं." मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर आत जाऊन पडलो. आनंद झाला नाही असं नाही. पण त्या चौऱ्याहत्तरांची बेरीज केली तरी त्यात बजरंग येत नाही.

प्रतीतला शेवटचा परिच्छेद बघा. हवालदार निजामोद्दीन यांनी आपलं कर्तव्य पूर्णपणे पार पाडलं, ते निर्दोष आहेत, त्यांना सन्मानानं सेवेत घ्यावं, असं मी लिहिलंय. माझ्या हातात तेवढंच होतं. तुमची चौकशी आता उलटी फिरेल असं ऐकतो.

उत्तर नाही दिलं तरी चालेल.

दयानंद


उदगीर, २१ डिसेंबर २०२५

दयानंद साहेब यांना निजामोद्दीनचा सलाम.

चारी पत्रं पोचली. पहिलं दोन दिवस खिशात ठेवलं, फोडलं न्हाई. वहिदा म्हणाली, वाचून तर बघा. मग वाचलं. उत्तर द्यायचं मनात नव्हतं. फोनवर मला बोलणं जमलं नसतं, म्हणून उचलला न्हाई. राग होता, न्हाई म्हणत न्हाई. नाव काढलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं मला ठाऊक न्हाई.

तुमच्या अर्जाची प्रत अजहरनं मोठ्यानं वाचून दाखवली. पोराला लई बरं वाटलं. म्हणाला, अब्बा, आता तुम्ही सुटलात. वहिदानं शेजारी खीर दिली. मी कुणाला काही बोललो न्हाई. पण तुम्ही विचारलंय की साहेब म्हणतात तसंच असंल असं मी का म्हणालो, त्याचं उत्तर देतो. तुम्हाला देणं भाग हाय.

साहेब, तुम्ही फोन ठेवला तीन चाळीसला. गाडी दारात होती. चावी ड्रायव्हरच्या खिशात. दवाखाना दीड किलोमीटरवर. मी पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. दुसऱ्यांदा तुम्हाला फोन लावला न्हाई. डॉक्टरणीला लावला न्हाई. बजरंग दोनदा शांत झाला तेव्हा मला वाटलं, साहेब म्हणतात तेच खरं, नाटकच हाय. खरं सांगू का, तसंच असावं असं मला वाटत होतं. मेमो मिळाला तर, बदली झाली तर, रिटायर व्हायला दोनच वर्षं हायेत, हे डोक्यात होतं. तिसऱ्या वेळी त्याला झटका आला, तेव्हा त्यानं माझं नाव घेतलं. निजामचाचा म्हणाला. तेव्हा उठलो.

चौकशीत मला तुमचा जबाब वाचून दाखवला. मला भांडता आलं असतं. पण भांडलो असतो तर पुढचा सवाल आला असता, मग पाच वाजेपर्यंत तुम्ही काय करत होता? त्याला माझ्याकडं जवाब नव्हता. तुमच्या खोट्यात मला बी लपायला जागा मिळाली. लोकांना वाटलं साहेबाची इज्जत राखली. रत्नम्माला उशीर झाला म्हणालो, ते तेवढं मोघम ठेवूनच म्हणालो. मागच्या शुक्रवारी परत गेलो आणि तिला वेळेनिशी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चहा दिला न्हाई. येऊ नका बी म्हणाली न्हाई.

तुम्ही लिहून दिलं ते बरं केलं. ते सोपं नव्हतं, मला समजतंय. मॅडमनी जे कलम घातलं, कुणाला न विचारता नेण्याचं, ते आमच्या वेळी असतं तर मी तीन एक्केचाळीसला निघालो असतो का? असं वाटतंय की निघालो असतो. पण कसम खाऊन सांगता येत न्हाई.

जानेवारीच्या नऊ तारखेला माझी साक्ष हाय. तेव्हा मी हे सगळं तिथं सांगणार हाय. अजहर नको म्हणतोय, आता कशाला, सुटलात तर. वहिदानं माझा कोट धुवायला टाकला.

म्हणून एक काम करा. तुमच्या अर्जात शेवटी मी निर्दोष हाय असं लिहिलंय. कर्तव्य पूर्ण पार पाडलं असं लिहिलंय. ते डोळ्यानं बघून लिहिलेलं न्हाई, तुम्ही तिथं नव्हता. तेवढ्या दोन ओळी खोडा, खाली सही करा, आणि नऊ तारखेच्या आत पाठवून द्या.

निजामोद्दीन